इंजिनियरांची पारख

१ एप्रिल २००४ रोजीं कॅलिफोर्नियांतील माउंटन व्ह्यू येथें गूगल कंपनीच्या कचेरींत एक भारतीय तरुण मुलाखतीस गेला. खरगपूरच्या आय. आय. टी. मधून धातुशास्त्राची पदवी घेऊन तो पुढील शिक्षणासाठीं अमेरिकेस आला होता. नेमकी त्याच दिवशीं कंपनीनें ‘जीमेल’ या नांवाची आपली नवी टपालसेवा जाहीर केली होती, आणि मुलाखत घेणारे एकामागून एक त्याला तिच्याविषयीं मत विचारूं लागले. त्यानें ती सेवा पाहिलेलीच नव्हती. शिवाय तारीख एप्रिलची पहिली. ही सारी थट्टा असावी, असाच त्याचा समज झाला होता. त्यामुळें पहिल्या मुलाखतींत त्याला धड उत्तर देतां आलें नाहीं. चौथ्या परीक्षकानें मात्र ती सेवा तुम्ही पाहिली आहे काय, असें सरळ विचारलें. उमेदवार ‘नाहीं’ म्हणतांच त्यानें ती उघडून दाखविली. पांचव्या परीक्षकानें तोच प्रश्न पुन्हा केला तेव्हां उमेदवाराजवळ बोलण्यासारखें कांहीं होतें. नोकरी मिळाली. या तरुणाचें नांव सुंदर पिचाई. २०१५ सालीं ते त्याच कंपनीचे मुख्य अधिकारी झाले, आणि ही हकीकत त्यांनीं जानेवारी २०१७ मध्यें खरगपूरच्या विद्यार्थ्यांपुढें स्वतःच सांगितली.

आतां दुसरी हकीकत. त्याच २०१५ सालच्या जून महिन्यांत मॅक्स हॉवेल या प्रोग्रॅमरनें ट्विटरवर दोन ओळींचा एक संतप्त मजकूर लिहिला. हॉवेल यानें ‘होमब्रू’ नांवाचें एक साधन २००९ सालीं तयार केलें होतें. मॅकिंटॉश संगणकावर निरनिराळे प्रोग्रॅम बसविण्याचें किचकट काम तें एका ओळीच्या हुकुमानें करतें, आणि जगभरचे इंजिनियर तें रोज वापरतात. हॉवेलची तक्रार अशी होती कीं, गूगलचे शंभरांतील नव्वद इंजिनियर आपण लिहिलेलें साधन वापरतात असें कंपनी सांगते, परंतु फळ्यावर ‘बायनरी ट्री’ उलटें करून दाखवितां येत नाहीं म्हणून आपल्याला दारांतूनच वाटेस लावते. नव्वदाचा आकडा अर्थात् त्याच्याच तोंडचा. पण त्या दोन ओळींवर जगभर जो वाद उसळला, तो अद्याप पुरता शमलेला नाहीं.

एकाच कंपनीच्या दारांतून दोघे आंत गेले. एकाला माहिती नव्हती तेव्हां परीक्षकानें ती पुरविली. दुसऱ्याला एक युक्ति सुचली नाहीं तेव्हां त्याची आजवरची कामगिरी तराजूंत पडलीच नाहीं. दोघांच्या जागा निराळ्या होत्या, हें सांगितलें पाहिजे. पिचाई वस्तूची आंखणी करणाऱ्या व्यवस्थापकाच्या जागेसाठीं गेले होते, हॉवेल प्रोग्रॅम लिहिण्याच्या. तथापि केवळ प्रोग्रॅमरांच्या मुलाखतींकडे पाहिलें तरी हाच विरोध आढळतो. एक उमेदवार सांगतो, ‘इतकी सुरेख चर्चा कॉलेजांतहि कधीं झाली नाहीं’. दुसरा, त्याच महिन्यांत, त्याच इमारतींतून बाहेर पडतांना म्हणतो, ‘समोरच्या गृहस्थानें मान वर करून पाहिलेंहि नाहीं.’ आणि गंमत अशी कीं, पहिल्याला नकार व दुसऱ्याला होकार आलेला असूं शकतो. हें असें कां होतें, याचीं कारणें पाहण्यासारखीं आहेत. कारण आज पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतील मुलें-मुली याच दारापुढें उभीं आहेत.

प्रथम या मुलाखतीचें स्वरूप. वकिलाला किंवा हिशेबनिसाला नोकरी देतांना त्याचा अनुभव विचारतात, शिफारसपत्रें पाहतात. त्याला खोलींत बसवून खटला चालवून दाखीव असें कोणी म्हणत नाहीं. प्रोग्रॅमरच्या बाबतींत मात्र तसें म्हणतात. आधीं कंपनीच्या भरतीखात्यांतील मनुष्य टेलिफोनवर चौकशी करतो. नंतर एखादा इंजिनियर दुरूनच एक-दोन उदाहरणें घालतो. त्यांतून निभावल्यास एका दिवसांत चार-पांच मुलाखती, प्रत्येक सुमारें पाऊण तासाची, प्रत्येक वेळीं नवा परीक्षक आणि नवें उदाहरण. उमेदवारानें विचार मोठ्यानें बोलून दाखवावयाचा आणि उत्तराचा प्रोग्रॅम तेथल्या तेथें लिहावयाचा. पूर्वीं तो पांढऱ्या फळ्यावर लिहीत, अलीकडे बहुधा संगणकाच्या पडद्यावर. परीक्षक मागाहून आपला अभिप्राय व गुण लिहून देतो. गूगलमध्यें नोकरी द्यावयाची कीं नाहीं हें परीक्षक ठरवीत नाहीं. ते सारे कागद एका समितीपुढें जातात, आणि त्या समितींतील कोणीं उमेदवाराचें तोंडहि पाहिलेलें नसतें. वशिला व ओळख यांना आळा बसावा, एवढाच यामागील हेतु आहे, आणि तो चांगला आहे.

हॉवेलला अडविणारें तें ‘झाड’ म्हणजे काय? एखाद्या घराण्याची वंशावळ डोळ्यांपुढें आणावी. वर मूळ पुरुष, त्याखालीं दोन अपत्यें, एक डावीकडे व एक उजवीकडे, त्या प्रत्येकाखालीं पुन्हा अधिकांत अधिक दोन, याप्रमाणें खालपर्यंत. हा तक्ता आरशांत दिसावा तसा उलटा करावयाचा आहे, म्हणजे प्रत्येक ठिकाणचें डावें तें उजवें व्हावयाचें. घराणें मोठें असलें तर हें काम डोकेफोडीचें वाटतें. परंतु युक्ति लहानशी आहे. मूळ पुरुषापाशीं जाऊन त्याचीं दोन अपत्यें एकमेकांच्या जागीं ठेवावीं, आणि मग त्या दोघांपाशीं जाऊन पुन्हा हेंच करावें; जेथें अपत्य नाहीं तेथें थांबावें. नियमाच्या पोटांत तोच नियम बसविला कीं सारें झाड आपोआप फिरतें. प्रोग्रॅम पांच-सहा ओळींपलीकडे जात नाहीं. ज्यानें हें पूर्वीं केलें आहे त्याला तें हातचा मळ वाटतें. ज्यानें दहा वर्षें निराळ्याच प्रकारचें काम केलें आहे त्याला, पांच माणसांपैकीं एकजण टक लावून पाहत असतांना, तें मुळींच सुचणार नाहीं असा संभव आहे. पहिला दुसऱ्याहून चांगला इंजिनियर आहे, हें त्यावरून सिद्ध होतें काय? वादाचें मूळ येथेंच आहे.

हा वाद संगणकांबरोबर जन्मला, असें मात्र कोणीं समजूं नये. १९२१ सालीं टॉमस एडिसन यानें आपल्याकडे नोकरी मागणाऱ्या पदवीधरांसाठीं सुमारें दीडशे प्रश्नांची एक यादी केली होती. भूगोल, इतिहास, धातु, झाडें, कापूस कोठें पिकतो, अमुक पदार्थ कशाचा बनतो, असे नाना प्रकारचे प्रश्न तींत होते. बहुतेक पदवीधर नापास झाले. प्रश्न वर्तमानपत्रांत फुटले आणि सगळ्या अमेरिकेंत घरोघर लोक एकमेकांची परीक्षा घेऊं लागले. त्याच सुमारास अल्बर्ट आइन्स्टाइन बोस्टन येथें गेले असतां वार्ताहरांनीं त्यांना त्यांतलाच एक प्रश्न केला, ध्वनीचा वेग किती? जी माहिती पुस्तकांत सहज सांपडते ती आपण डोक्यांत वागवीत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर देऊन ते मोकळे झाले. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांना मथळा मिळाला, कीं आइन्स्टाइन एडिसनच्या परीक्षेंत नापास!

पुढें कॅलिफोर्नियांत विल्यम शॉक्ली यानें ट्रँझिस्टरचा कारखाना काढला. ट्रँझिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ सालचें नोबेल पारितोषिक त्याला दोघा सहकाऱ्यांबरोबर मिळालें होतें. शॉक्ली भरतीच्या वेळीं मानसशास्त्रीय चांचण्या घेई आणि हातांत घड्याळ धरून कोडीं घाली. जेम्स गिबन्स या तरुण शास्त्रज्ञाला त्यानें घातलेलें कोडें प्रसिद्ध आहे. टेनिसच्या स्पर्धेंत १२७ खेळाडू आहेत. जोड्या पाडून खेळावयाचें, विषम उरेल त्यानें त्या फेरीस स्वस्थ बसावयाचें, हरला तो बाद. विजयी वीर ठरेपर्यंत एकूण सामने किती होतील? सामान्य मनुष्य ६३, मग ३२, मग १६ अशी बेरीज मांडूं लागतो. गिबन्सनें क्षणार्धांत १२६ असें सांगितलें, कारण प्रत्येक सामन्यांत एकच खेळाडू बाद होतो आणि बाद व्हावयाचे आहेत १२६. एवढ्या झटपट आलेल्या उत्तरानें शॉक्ली खूष होण्याऐवजीं उलट चिडला, असें सांगतात. त्याची पारख खोटी होती असें म्हणवत नाहीं. त्यानें वेंचलेलीं माणसें खरोखरच असामान्य होतीं. फक्त त्यांना नांदवण्याची कला त्याजपाशीं नव्हती. १९५७ सालीं त्यांतले आठजण एकदम निघून गेले आणि त्यांनीं फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी उभारली. आजची सिलिकॉन व्हॅली बऱ्याच अंशीं त्या आठांची संतति आहे.

कोड्यांची ही प्रथा नंतर मायक्रोसॉफ्ट कंपनीनें उचलली. गटारावरचीं झांकणें वाटोळीं कां असतात, हा तिचा प्रश्न इतका गाजला कीं त्याचें उत्तर पाठ केलेले उमेदवारच पुढें येऊं लागले. (वाटोळें झांकण कसेंहि फिरविलें तरी भोंकांतून खालीं पडत नाहीं, चौकोनी झांकण कर्णाच्या दिशेनें पडूं शकतें.) गूगलनें तर २००४ सालीं हमरस्त्यावर एक भला मोठा फलक लावला. त्यावर कंपनीचें नांवहि नव्हतें. गणितांतील ‘ई’ या संख्येच्या दशांशस्थळांत सलग येणारी पहिली दहा आंकडी मूळ संख्या शोधून काढा, एवढेंच. ती संख्या हाच इंटरनेटवरील पत्ता होता, तेथें गेलें कीं दुसरें कोडें, आणि त्यापुढें अर्ज पाठविण्याचें निमंत्रण.

आणि मग त्याच कंपनीनें एक अशी गोष्ट केली, जी परीक्षा घेणारे लोक क्वचितच करतात. तिनें आपल्या परीक्षेची परीक्षा घेतली. लॅस्लो बॉक हे त्या वेळीं तिच्या मनुष्यबळ खात्याचे प्रमुख होते. जून २०१३ मध्यें न्यू यॉर्क टाइम्सच्या प्रतिनिधीशीं बोलतांना त्यांनीं सांगितलें कीं, हजारों मुलाखतींचे गुण आणि त्या माणसांची पुढील नोकरींतील कामगिरी कंपनीनें ताडून पाहिली, तेव्हां दोहोंमध्यें कांहींच संबंध आढळला नाहीं. कोड्यांबद्दल तर त्यांचें मत अगदीं कडक होतें. त्यांतून उमेदवाराविषयीं काडीचाहि बोध होत नाहीं, परीक्षकाला स्वतःच्या हुषारीचें समाधान तेवढें मिळतें. कंपनीनें मुलाखतींची संख्याहि चारांवर आणली, कारण चौथ्यानंतरच्या मुलाखतीनें निर्णयांत फारशी भर पडत नाहीं असें दिसून आलें होतें. आणि प्रत्येक परीक्षकानें मनास येईल तें विचारण्याऐवजीं सर्वांना सारखे प्रश्न विचारून सारख्याच कसोटीनें गुण द्यावे, या पद्धतीवर तिनें भर दिला.

ही शेवटची गोष्ट मानसशास्त्रज्ञ फार पूर्वींपासून सांगत आले आहेत. फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनीं १९९८ सालीं पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. परीक्षेचे गुण व पुढील काम यांचा मेळ तंतोतंत असल्यास १ आणि मुळींच नसल्यास ० धरावा, या मापानें आंखीव मुलाखतीस ०.५१ व मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीस ०.३८ असे आंकडे त्यांनीं काढले. पॉल सॅकेट व त्यांचे सहकारी यांनीं २०२२ सालीं जुन्या हिशेबांतील एक दोष दुरुस्त केला, तेव्हां तेच आंकडे ०.४२ व ०.१९ असे खालीं आले. म्हणजे मनुष्यानें आजवर शोधलेल्या उत्तमांतल्या उत्तम मुलाखतीचा मेळहि पूर्णांकाच्या निम्म्यापर्यंत पोंचत नाहीं. आणि ‘मी माणूस पाहतांच ओळखतों’ असें अभिमानानें सांगणारा गृहस्थ जी मुलाखत घेतो ती ०.१९ ची! विवाह जमवितांना होणारी पोहे-चहाची बैठक या मापानें कोठें बसेल, हें कोणीं मोजलें नाहीं तें बरेंच आहे.

मग उरलेला भाग कशाचा? पुष्कळसा परिस्थितीचा. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी व मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबतींत फार बोलका आहे. संगणकशास्त्राचे ४८ विद्यार्थी त्यांनीं घेतले. अर्ध्यांना नेहमींच्या मुलाखतीप्रमाणें परीक्षकासमोर, मोठ्यानें बोलत, फळ्यावर उदाहरण सोडवावयास सांगितलें. अर्ध्यांना तेंच उदाहरण तशाच फळ्यावर, परंतु खोलींत एकटें सोडून. उदाहरण एक, फळा एक, फरक फक्त पाहणाऱ्या डोळ्यांचा. परीक्षकासमोरच्या गटाची कामगिरी निम्म्याहून खालीं घसरली. त्या गटांतील एकाहि स्त्रीला उदाहरण सुटलें नाहीं. एकांतांतील गटांतल्या सर्व स्त्रियांना तें सुटलें. स्त्रियांची संख्या थोडी होती, सबब यावरून मोठे सिद्धांत काढूं नयेत. पण चांगलें येत असतांहि लोकांपुढें कंठ न फुटणें म्हणजे काय, हें ज्या घरांत एखादी मुलगी गाणें शिकते त्या घराला समजावून सांगावयास नको.

दुसरा भाग दैवाचा. सरावाच्या मुलाखती घडवून आणणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनें २०१६ सालीं आपल्याजवळील नोंदी तपासल्या. एकाच उमेदवाराच्या निरनिराळ्या परीक्षकांसमोर झालेल्या मुलाखती शेजारीशेजारी ठेवून पाहतां, सुमारें चतुर्थांश उमेदवारांचेच गुण एकसारखे आढळले. बाकीचे आज उत्कृष्ट तर उद्यां सुमार! ज्यांना एकदां सर्वोच्च गुण मिळाले, त्यांतल्या कितीतरी जणांना दुसऱ्या परीक्षकानें निम्मेच दिले होते. यांत लबाडी कोणाचीच नाहीं. एखादें उदाहरण कालच डोळ्यांखालून गेलेलें असतें, एखादें कधींच नसतें. एक परीक्षक उमेदवार अडखळतांच बोट धरून पुढें नेतो, दुसरा तोंड न उघडणें हाच निःपक्षपातीपणा समजतो. परीक्षकहि इंजिनियर, स्वतःचें अर्धवट काम टेबलावर टाकून आलेला. शिकविण्याचें वळण त्याला कोणीं लावलेलें नसतें. पिचाई यांच्या हकीकतींत चौथ्या माणसानें सेवा उघडून दाखविली नसती, तर पांचव्यापुढें काय झालें असतें?

गूगलच्या संशोधनविभागाचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ पीटर नॉर्व्हिग यांनीं सांगितलेली गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे. तेथें परीक्षक एक ते चार असे गुण देत. नोकरींत घेतलेल्यांपैकीं पुढें उत्तम काम कोणीं केलें हें पाहतां असें दिसलें कीं, ज्यांना एखाद्या मुलाखतींत सर्वांत कमी म्हणजे एक गुण मिळाला होता, ते विशेष चमकले! वाईट गुण मिळविणें चांगलें, असा याचा अर्थ नव्हे. एक गुण पडला असतांना तो मनुष्य सहसा बादच व्हावयाचा. तरीहि तो आंत आला, याचा अर्थ दुसरा कोणी परीक्षक त्याच्यासाठीं समितीशीं हट्टानें भांडला होता. त्या भांडणाऱ्याला जें दिसलें होतें तेंच खरें ठरलें. याच कंपनीच्या समितीवर बसलेल्या एका माजी इंजिनियरानें जाहीर व्याख्यानांत आणखी एक प्रसंग सांगितला आहे. समितीचे सभासद फारच कडक झाले आहेत असें पाहून भरतीखात्यानें एके दिवशीं नांवें झांकून कांहीं जुने कागद त्यांच्यापुढें ठेवले. समितीनें ते साफ नापसंत केले. मग भरतीखात्यानें सांगितलें कीं, हे कागद तुमच्या स्वतःच्याच मुलाखतींचे आहेत.

इतकें समजल्यावर कंपन्या ही पद्धति टाकून कां देत नाहींत, असा प्रश्न कोणासहि पडेल. उत्तर साध्या अंकगणितांत आहे. समजा, एका कंपनीकडे १,००० अर्ज आले आणि त्यांतले १०० उमेदवार खरोखर योग्य आहेत. परीक्षा बरीच चांगली आहे. योग्य माणसांपैकीं शेंकडा ८० तिच्यांत उतरतात, आणि अयोग्यांपैकीं शेंकडा १० च निसटून आंत येतात. एकूण उत्तीर्ण किती? योग्य ८० आणि अयोग्य ९०! अर्ध्याहून अधिक भरती चुकीची. आतां परीक्षा इतकी कडक केली कीं अयोग्यांपैकीं शेंकडा एकच आंत यावा, पण त्या कडकपणामुळें योग्यांपैकींहि ४० च टिकावे. आंत आले योग्य ४० आणि अयोग्य ९. कंपनीचें काम उत्तम झालें. तिला दारावरच्या गर्दीतून थोडीं खात्रीचीं माणसें हवीं होतीं, तीं मिळालीं. परंतु ६० योग्य माणसें परत गेलीं, आणि त्या प्रत्येकाच्या हातांत तेंच पत्र पडलें जें अयोग्यांच्या हातांत पडलें. चुकीचा मनुष्य घेतल्यास त्याला काढण्याची यातायात मोठी. योग्य मनुष्य परत गेल्यास कंपनीला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. म्हणून अशा कंपन्या ही चूक जाणूनबुजून पत्करतात आणि उघडपणें तसें सांगतात. व्यवहार म्हणून त्यांत गैर कांहीं नाहीं. गैर एवढेंच कीं पत्र मिळालेल्या साठांना हें गणित कोणी दाखवीत नाहीं. नकाराचें कारण सांगण्याची चालच या धंद्यांत फारशी नाहीं.

कधीं कधीं मात्र पत्ता लागतो, आणि तो फार महाग पडतो. ब्रायन ॲक्टन हा याहू कंपनींत अनेक वर्षें काम केलेला इंजिनियर २००९ सालीं प्रथम ट्विटरकडे व मग फेसबुककडे नोकरीस गेला. दोहोंकडून नकार आला. त्यानें तो ट्विटरवर जाहीर सांगितला, कुरकूर न करतां, आयुष्यांत पुढें काय येतें तें पाहूं अशा सुरांत. पुढें तो आपला जुना सहकारी जॅन कूम याच्या व्हॉट्सॲपमध्यें सामील झाला. फेब्रुवारी २०१४ मध्यें फेसबुकनें तीच कंपनी सुमारें १,९०० कोटि डॉलरांना विकत घेण्याचें जाहीर केलें. हें उदाहरण देऊन नापास उमेदवाराचें समाधान करण्याची रीत पडली आहे, ती तितकीशी बरी नव्हे; परत गेलेल्या साठांपैकीं ॲक्टन होणारा एखादाच. बाकीचे दुसऱ्या कंपनींत जाऊन नीट काम करतात, आणि त्यांची बातमी होत नाहीं.

हॉवेल पुढें ॲपल कंपनींत लागला. कांहीं वर्षांनीं त्यानें आपल्या त्या प्रसिद्ध मजकुराबद्दल पुन्हा लिहिलें तें अधिक समतोल होतें. शास्त्राच्या दृष्टीनें पाहतां होमब्रूची घडण कांहीं फार श्रेष्ठ नाहीं, गूगलला जें ज्ञान हवें होतें तें आपल्यापाशीं नव्हतें, हें त्यानें कबूल केलें. मात्र लोकांना आवडेल व उपयोगीं पडेल अशी वस्तु करण्याचें ज्ञान आपल्यापाशीं आहे आणि कंपनीनें आपल्याला घ्यावयास हवें होतें, हें मत त्यानें सोडलें नाहीं. दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं असूं शकतात. कोट्यवधि लोकांच्या शोधाचा भार वाहणाऱ्या यंत्रणेंत अशी जागा असते जेथें झाडें-फांद्यांचें तें गणित नखाग्रीं असावें लागतें; आणि अशीहि असते जेथें वापरणाऱ्याचें मन कळणें हेंच मुख्य. पाऊण तासाचें एक उदाहरण पहिल्या जागेसाठीं बरें, दुसरीसाठीं अपुरें. परीक्षा एकच आणि जागा अनेक, यामुळें पुष्कळ गैरसमज उपजतात.

पुण्या-मुंबईच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आज ज्याला ‘तयारी’ म्हणतात, ती याच परीक्षेची. गेल लाकमन मॅकडॉवेल यांचें या विषयावरील पुस्तक व ‘लीटकोड’सारखे उदाहरणसंग्रह यांवर ते रात्री जागवितात, आणि शेंकडों उदाहरणें सोडवितात. ही मेहनत फुकट जात नाहीं. उदाहरण ओळखीचें निघण्याचा संभव वाढतो, आणि फळ्यापुढची भीतिहि सरावानें कमी होते. मित्रासमोर मोठ्यानें बोलत सोडविलेलीं वीस उदाहरणें एकांतांत सोडविलेल्या शंभरांच्या तोडीचीं ठरावीं, असें वरील प्रयोग पाहतां वाटतें. अडलें असतां गप्प राहण्यापेक्षां कोठें अडलें तें सांगणें आणि जें पाहिलें नाहीं तें पाहिलें नाहीं म्हणणें, हें परीक्षकाच्या हातांत मदतीचें निमित्त देतें. एकदां नकार आल्यावर कांहीं काळानें पुन्हा अर्ज करण्यास बहुतेक मोठ्या कंपन्या मोकळीक देतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस घेतले गेलेले इंजिनियर तेथें पुष्कळ सांपडतात. घरांतील वडील मंडळी मात्र बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘काय चुकलें?’ बारा वर्षें ज्या शाळा-कॉलेजांत प्रत्येक उत्तराला ठराविक गुण होते, तेथून आलेल्या मुलाला या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, आणि कित्येकदां कांहींच चुकलेलें नसतें.

२०२० सालच्या साथीनंतर या मुलाखती बहुतांशीं संगणकाच्या पडद्यावरून होऊं लागल्या. पुण्यांतील उमेदवाराला स्वतःच्या खोलींत बसून बंगलोरच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या परीक्षकाशीं बोलतां येऊं लागलें. प्रवास वांचला आणि घरच्या खुर्चीवर पुष्कळांना धीरहि आला. परंतु पुढें कृत्रिम बुद्धीचे प्रोग्रॅम आले. ते झाड उलटें करण्यासारखीं उदाहरणें क्षणांत सोडवितात, आणि पडद्याच्या एका कोपऱ्यांत तें उत्तर वाचून दाखविणारा उमेदवार दुरून ओळखूं येत नाहीं. जून २०२५ मध्यें एका मुलाखतींत पिचाई यांनीं सांगितलें कीं, उमेदवाराचें पायाभूत ज्ञान पक्कें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं निदान एक फेरी तरी समोरासमोर घेण्याचें कंपनीनें ठरविलें आहे. म्हणजे उमेदवाराला पुन्हा पेटी बांधून प्रवास करावा लागणार, आणि बंद दाराच्या खोलींत परीक्षकाच्या डोळ्यांपुढें उदाहरण सोडवावें लागणार. ज्या डोळ्यांचा परिणाम नॉर्थ कॅरोलायनांत त्या ४८ विद्यार्थ्यांवर मोजला गेला होता.